आधी नाक, मग घोट, मग मत

अगं, परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, ऑफिसमधले सगळे ग्लास नाकाला लावतात, भराभर काहीतरी बोलतात, आणि मला काय बोलावं ते सुचतच नाही." आता डिसेंबरात तुमच्या टीमने हिवाळी हंगामातल्या बिअर चाखायचा बेत केलाय, प्रत्येकाने एकेक बाटली आणायची आहे, आणि तुझ्या पोटात आतापासूनच गोळा आलाय. फोनवर घाईघाईत सांगण्यासारखं हे नाही, म्हणून सवडीने लिहिते आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. प्यायची इच्छा नसेल तर पिऊ नकोस. अमेरिकेत रुळायला बिअर यावी लागते, असा कुठलाही नियम नाही. "मी घेत नाही" एवढं सांगितलं की पुरे, कारणं देत बसू नकोस. नुसता ग्लास हुंगलास तरी खूप काही हाती लागतं, ते कसं हे पुढे सांगतेच. पण तुला कुतूहल आहे, हे तुझ्या आवाजावरून कळलं. एकविशी तू केव्हाच ओलांडलीस, कमावती आहेस, स्वतःचं भलंबुरं तुला कळतं. कुतूहल वाटण्यात लाजण्यासारखं काही नाही. ते नीट भागव, एवढंच.

माझं सांगणं एका वाक्यात मावतं. "मला आवडली का?" आणि "ही चांगली झाली आहे का?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दोन्हींची उत्तरं तुझी तुला द्यायची आहेत. पहिल्याचं उत्तर जिभेवर तयार असतं. दुसऱ्यासाठी थोडं थांबावं लागतं, लक्ष द्यावं लागतं. टेबलावरचे बरेचजण पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच्या नावावर खपवतात. कडू लागली, म्हणजे वाईट. महाग आहे, म्हणजे उत्तम. तू तसं करू नकोस.

शिकायला एकच बाटली घ्यायची तर मी म्हणेन, सिएरा नेवाडाची सेलिब्रेशन घे. तू कॅलिफोर्नियातच आहेस आणि ती इथलीच, सॅक्रामेंटोच्या उत्तरेला चिको नावाचं गाव आहे तिथली. केन ग्रॉसमन या गृहस्थाचं चिकोत घरगुती बिअर बनवायच्या सामानाचं दुकान होतं. पॉल कमूसीला जोडीला घेऊन, डेअरीची जुनी भांडीकुंडी जमवून त्याने ब्रुअरी उभी केली आणि 1980 मध्ये पहिली बिअर गाळली. त्यांची पेल एल हिरव्या लेबलची, बारा महिने मिळते. सेलिब्रेशन मात्र 1981 पासून वर्षातून एकदाच येते. दिवाळीच्या आसपास दुकानांत लाल लेबल दिसायला लागतं, त्यावर बर्फातलं लाकडी घर असतं. नाताळ-नवीन वर्ष उलटलं की ती हळूहळू दिसेनाशी होते.

हंगामी बिअर म्हटली की दालचिनी, जायफळ, लाल भोपळा असलं काही घातलेलं असणार, असं अनेकांना वाटतं. सेलिब्रेशनमध्ये मसाल्याचा कणही नाही. तिचा हंगाम आहे हॉप्सचा. हॉप्स म्हणजे उंच तारांवर चढवलेल्या वेलीची हिरवी, पापुद्र्यापापुद्र्यांची बोंडं. तीही फक्त मादी वेलीची. पापुद्र्यांच्या बुडाशी पिवळी चिकट भुकटी असते, तिला ल्युप्युलिन म्हणतात. बिअरचा कडवटपणा आणि हॉप्सचा सगळा सुगंध त्या भुकटीत असतो. अमेरिकेतले बहुतेक हॉप्स वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्यात पिकतात आणि ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरभर त्यांची काढणी चालते. ताज्या बोंडात जवळपास ऐंशी टक्के पाणी असतं, म्हणून ती लगेच भट्टीत वाळवतात. बाकीच्या बिअरसाठी हे वाळलेले हॉप्स शीतगृहात वर्षभर पुरवून वापरतात. सेलिब्रेशनसाठी मात्र हंगामातले पहिले वाळलेले हॉप्स थेट ब्रुअरीत जातात, दळून गोळ्या न करता, अख्ख्या बोंडांसकट. नव्या आंबेमोहराचा भात शिजताना घरभर जो वास सुटतो तो जुन्या तांदळाला येत नाही, तसाच हा नव्या हॉप्सचा वास. त्या वासासाठीच ही बिअर दरवर्षी थंडीत येते. म्हणजे तिची परीक्षा घेताना पहिला प्रश्न ठरलेला आहे: तो ताजेपणा ग्लासात उतरला आहे का?

आता तयारी. बहुतेकजण इथेच घाई करतात.

दुकानात बाटली उचलताना भरल्याची तारीख शोध. सगळ्याच कंपन्या ती छापतात असं नाही, पण असली तर वाच. हॉप्सचा सुगंध उडून जाणारा असतो. बाटली जितके दिवस दुकानाच्या उबेत उभी राहिली, तितका तो कमी. उन्हात किंवा ट्यूबलाइटखाली ठेवलेली बाटली घेऊच नकोस. उजेडामुळे हॉप्समधल्या कडू द्रव्यांवर अशी प्रक्रिया होते की बिअरला एक उग्र, नकोसा वास येतो. तपकिरी काच हा उजेड बरीचशी अडवते, हिरवी आणि पांढरी काच अडवत नाही. कॅनमध्ये तर उजेड शिरतच नाही.

घरी आणलीस की फ्रीजमध्ये उभी ठेव. प्यायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं बाहेर काढ. बर्फगार बिअर घशाला बरी वाटते, पण तिचा वास येत नाही आणि चवही बधिर होते. सात ते दहा अंश सेल्सियसला पेल एल बोलायला लागते.

ग्लास साध्या काचेचा, निमुळत्या तोंडाचा असला तर चांगलं. वाइनचा ग्लासही चालतो. मात्र तो साबणाचा अंश न राहता धुतलेला हवा. ग्लासाला तेलकटपणा असेल तर फेस टिकत नाही, आणि आतल्या काचेला बुडबुडे चिकटून बसलेले दिसतात. तसं दिसलं की बिअरला नावं न ठेवता ग्लास पुन्हा धू. त्या दिवशी लिपस्टिक लावू नकोस, तिचं मेणही फेस मोडतं. परफ्यूम, सुगंधी हँडक्रीम, केसांचं वासाचं तेल, सगळं टाळ. ग्लास आपण हातात धरून नाकाशी नेतो, तेव्हा सगळ्यात आधी हाताचाच वास येतो.

चाखायच्या आधी तिखट खाऊ नकोस. फराळाची चकली, शेव, खारे दाणे हे सगळं नंतर. मिठाने कडवटपणा दबतो, तिखटाने जीभ पोळते, आणि दोन्हीमुळे तुझा अंदाज चुकेल. सोबत साधा पाव आणि पाणी असू दे.

हे सगळं झालं की ओत. ग्लास थोडा तिरका धरून सुरुवात कर, मग सरळ करून मधोमध धार सोड, म्हणजे वर दोन बोटं फेस येईल. फेस म्हणजे फुकट गेलेली बिअर नव्हे. तो फुटताना वास वर आणतो. बाटलीच्या तळाशी थोडा गाळ दिसला तर घाबरू नकोस. शेवटचं आंबवणं बाटलीतच करायची रीत आहे, तो यीस्टचा गाळ असतो. तो तळाशीच राहू दे.

ओतल्या ओतल्या नाक ग्लासावर ने. बघण्याच्याही आधी. सगळ्यात नाजूक वास पहिल्या मिनिटातच निसटतात. लांब श्वास ओढू नकोस, दोन-तीन छोटे, झटपट हुंगे घे आणि थांब. मग ग्लासावर तळहात ठेवून हलकेच गोल फिरव, हात काढ आणि पुन्हा हुंग. नाक दमलं, काहीच कळेनासं झालं, तर आपल्याच कोपराच्या आत, उघड्या त्वचेवर हुंग. परीक्षक लोकही हेच करतात, नाक लगेच जागेवर येतं.

काय येतंय? इथे लोक "ग्रेपफ्रूट", "पाइन" असं म्हणतात. तुला हे शब्द वापरायची सक्ती नाही. तुझ्या नाकाच्या आठवणी तुझ्या आहेत. सेलिब्रेशनच्या ग्लासात मला पहिल्यांदा पपनसाची साल येते. फोडीचा वास नव्हे, साल पिळल्यावर जे तेल डोळ्यांत उडतं त्याचा. मागोमाग हिमाचलात चिडाच्या वनात येतो तो डिंकाळ वास. खाली कुठेतरी भाजलेल्या पावाची कड आणि किंचित काकवी. पपनस आणि चीड ही हॉप्सची देणगी, पाव आणि काकवी माल्टची. माल्ट म्हणजे मोड आणून भट्टीत वाळवलेलं जव. कमी भाजलं तर बिस्किटासारखा वास देतं, जास्त भाजलं तर काकवीकडे झुकतं. तुला यातलं काहीच न येता ओल्या गवताचा किंवा लिंबाच्या पाल्याचा वास आला तर तेच लिही. दुसऱ्याने "आंबा" म्हटलं म्हणून तुला आंबा यायलाच हवा असं नाही. म्हणूनच एक नियम पाळ: बाकीच्यांनी तोंड उघडायच्या आत तुझी नोंद कागदावर उतरलेली हवी. एकदा कोणी मोठ्याने "आंबा" म्हटलं की टेबलावरच्या सगळ्यांना आंबाच यायला लागतो.

आता बघ. खिडकीच्या उजेडात धर. सेलिब्रेशन फिकी पिवळी नसते, तांब्याच्या नव्या भांड्यासारखा तिचा रंग. फेस पांढरट, दाट, आणि घोट घेतल्यावर काचेवर त्याची नक्षी उरते. दिसण्यावर फार वेळ घालवू नकोस, त्याचं कारण पुढे येईल.

मग घोट. छोटा घे, तोंडभर फिरव, आणि गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास बाहेर सोड. हे कर, कारण आपण ज्याला चव म्हणतो त्यातली बरीचशी घशामागून नाकात पोचलेला वासच असते. सर्दीत जेवण बेचव का लागतं, ते यामुळेच. पहिल्या घोटावर निकाल देऊ नकोस. तो फक्त तोंडाची ओळख करून देतो. दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला क्रम बघ: आधी काय लागलं, मध्ये काय, गिळल्यावर काय उरलं. सेलिब्रेशनमध्ये आधी माल्टचा गोडवा लागतो, मग पपनस आणि डिंक एकदम वर येतात, आणि शेवटी कडवटपणा बराच वेळ मागे रेंगाळतो. जिभेच्या टोकाला गोड आणि मागे कडू कळतं, असा नकाशा आपण शाळेत पाहिला होता. तो खरा नाही. सगळ्या चवी जिभेवर सगळीकडे कळतात. म्हणून तोंडात बिअर सगळीकडे पोचू दे.

कडवटपणाकडे मात्र नीट लक्ष दे. तिथेच नवखी माणसं अडतात. बाटलीवर किंवा कंपनीच्या माहितीत आयबीयू नावाचा एक आकडा असतो. हॉप्स उकळताना त्यातली आम्लं बदलून कडू होतात, त्या कडू द्रव्याचं माप म्हणजे हा आकडा. हिरव्या लेबलच्या पेल एलचा तो 38 आहे, सेलिब्रेशनचा 65. म्हणून सेलिब्रेशन दुपटीने कडू लागेल का? नाही लागत. तिच्यात माल्टही जास्त आहे, आणि तो कडवटपणाला धरून ठेवतो. आकड्यापेक्षा दोन प्रश्न विचार. हा कडवटपणा स्वच्छ आहे की घसा खरवडणारा? आणि त्याला सांभाळायला पुरेसा गोडवा आहे का? कारल्याची भाजी कडू असूनही आपण आवडीने खातो, आणि जळालेली मेथी कडू म्हणून ताटात बाजूला सारतो. कडू आणि कडू यातला फरक मराठी जिभेला शिकवावा लागत नाही. तुझ्याजवळ ती समज आहे, तिच्यावर भरवसा ठेव.

जमलं तर हिरवी आणि लाल अशा दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून चाख. आधी हिरवी, मग लाल. नेहमी कमी कडू आणि कमी दारू असलेली आधी. हिरवीत मुख्यतः कॅस्केड जातीचे हॉप्स आहेत. हे वाण अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधनातून ओरेगनमध्ये तयार झालं आणि 1972 मध्ये शेतकऱ्यांना मिळालं. इथल्या पेल एलचा लिंबूवर्गीय चेहरा या हॉप्सने घडवला. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीने 1975 मध्ये लिबर्टी एलमध्ये कॅस्केड वापरले, नंतर चिकोवाल्यांनी. सेलिब्रेशनमध्ये कॅस्केडच्या जोडीला सेंटेनियल आणि चिनूक आहेत. डिंकाचा जो खोल वास येतो तो बराचसा चिनूकचा. एकटी बाटली चाखून यातलं निम्मंच कळतं, दोन शेजारी ठेवल्या की फरक आपोआप समोर येतो.

आता दुसरा प्रश्न: चांगली झाली आहे का? यासाठी दोष ओळखता यायला हवेत. चारच सांगते, एवढे पुरतात. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बिअरला हवा लागली आहे, ती शिळी झाली आहे. लोण्याचा किंवा बटरस्कॉचचा वास आणि जिभेवर बुळबुळीतपणा आला तर आंबवणं पुरतं झालेलं नाही. मक्याचं कणीस उकडल्यासारखा वास येत असेल तर उकळताना काही कमी पडलं. आणि जी आंबट असायला नको ती आंबट लागली तर नको ते जिवाणू शिरले. कोणी कितीही नावाजलेली बाटली आणली असली तरी यातलं काही जाणवलं तर शांतपणे सांग, "मला यात पुठ्ठ्यासारखं काही येतंय, तुम्हाला येतंय का?" प्रश्न म्हणून सांगितलंस की कोणाला टोचत नाही, आणि दहापैकी निम्मी तोंडं "हो, खरंच" म्हणतील. दोष बनवणाऱ्याचाच असतो असंही नाही. वाहतुकीत, गोदामात, दुकानाच्या खिडकीतही बिअर बिघडते.

इथे बिअरच्या परीक्षकांची एक संस्था आहे, बीजेसीपी नावाची, 1985 पासूनची. त्यांच्या गुणपत्रिकेत पन्नास गुण असतात. वासाला 12, दिसण्याला 3, चवीला 20, तोंडात कशी जाणवते त्याला 5, आणि एकूण परिणामाला 10. नीट बघ, दिसण्याला पन्नासात फक्त तीन. वास आणि चव मिळून बत्तीस. लेबल कितीही देखणं असो, रंग कितीही मोहक असो, निकाल नाक आणि जीभच लावतात. सुरुवातीला ग्लास नुसता हुंगला तरी खूप काही हाती लागतं म्हणाले ते याच हिशेबाने. तुझ्या वहीतही हेच पाच रकाने आखून घे. गुण देता आले नाहीत तरी प्रत्येक रकान्यात एक ओळ लिही.

त्याच पत्रिकेत आणखी एक शहाणपण आहे. बिअरची परीक्षा ती ज्या प्रकारची म्हणवते त्या प्रकारात घ्यायची. त्यांच्या व्याख्येत अमेरिकन पेल एलमध्ये दारूचं प्रमाण साडेचार ते 6.2 टक्के, कडवटपणा 30 ते 50. सेलिब्रेशन 6.8 टक्क्यांची आणि 65 ची, म्हणून ती आयपीएच्या, म्हणजे इंडिया पेल एलच्या, रांगेत बसते. पेल एल म्हणून समोर ठेवली तर तिला "जरा जडच आहे" म्हणणं बरोबर, आयपीए म्हणून ठेवली तर तीच तक्रार चुकीची. मत देण्याआधी विचार, ही स्वतःला काय म्हणवते?

आयपीएचं नाव निघालं की टेबलावर कोणीतरी इतिहास सांगेल, आणि तू भारतातली म्हणून तुझ्याकडे बघून सांगेल. इंग्लंडहून भारतापर्यंतच्या प्रवासात बिअर नासायची, म्हणून कोणा हुशार माणसाने जास्त हॉप्सची बिअर शोधून काढली, अशी ती गोष्ट असते. खरं एवढंच की अठराव्या शतकाच्या अखेरीला लंडनजवळच्या बो इथल्या जॉर्ज हॉजसनची बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून कलकत्ता, मद्रास, मुंबईला येत होती. 1820 च्या दशकात बर्टन गावच्या ऑलसॉपने त्या व्यापारात उडी घेतली, आणि बर्टनच्या खनिजयुक्त पाण्याने हॉप्सची चव खुलते हे कळून आलं. पण दूर पाठवायच्या बिअरमध्ये जास्त हॉप्स घालायची पद्धत त्याआधीचीच. त्याच काळात काळी पोर्टरही भारतात उतरत होती आणि टिकतही होती. हे तुला माहीत असावं म्हणून सांगते, कोणाला गप्प करायला नव्हे. ठसक्यात सांगितलेली गोष्ट खरीच असते असं नाही, एवढं मात्र लक्षात ठेव. चवीबद्दल ठसक्यात दिलेल्या मतांनाही तेच लागू आहे.

तू विचारशील, ताई, तुझं मत काय? सांगते. यंदाच्या सेलिब्रेशनला मी वासाला 10, दिसण्याला 3, चवीला 17, तोंडातल्या जाणिवेला 4, एकूण परिणामाला 8 देईन, म्हणजे पन्नासात 42. वास भरघोस आहे, नव्या पिकाचा आहे, आणि माल्ट त्याच्याखाली ठामपणे उभा आहे. आजकालच्या अनेक बिअर फळाच्या रसासारख्या गढूळ, गोडसर असतात. त्यांच्या शेजारी ही स्वच्छ आणि कणखर वाटते. चवीतले तीन गुण का कापले? ग्लास अर्धा झाला, बिअर जराशी कोमट झाली, की शेवटचा कडवटपणा माल्टला झाकून टाकतो आणि दारूची ऊब घशाला जाणवते. आणि फेब्रुवारीपर्यंत उरलेल्या बाटलीत पपनस जवळजवळ जातं, काकवी तेवढी उरते. ती बाटली वाईट नसते, पण ज्यासाठी ही बिअर घ्यायची ते तिच्यात उरलेलं नसतं. म्हणून साठवू नकोस, हंगामातच घे.

आणि मला ती आवडते का? खूप. पण माझी एक मैत्रीण तिच्या कडवटपणापुढे हात जोडते, आणि तरी म्हणते, "बनवलीये छान." अशी दोन्ही वाक्यं एका दमात म्हणता आली की समज, तुला चाखता यायला लागलं.

आता जरा थोरल्या बहिणीच्या अधिकाराने बोलते. 355 मिलिलिटरच्या एका सेलिब्रेशनमध्ये साधारण 19 ग्रॅम अल्कोहोल असतं. इथे एक प्रमाणित पेय धरतात ते 14 ग्रॅमचं, म्हणजे पाच टक्क्यांची एक बिअर. एकच बाटली संपवलीस तरी तुझ्या हिशेबात ती सव्वापेक्षा थोडी जास्तच आहे, आणि हिवाळी हंगामातल्या बिअर बहुधा नेहमीच्यापेक्षा कडकच असतात. म्हणून चाखायला बसलात की एक बाटली चौघांत वाटा, प्रत्येकाला नव्वद मिलिलिटरच्या आत. चाखायला तेवढं भरपूर होतं. नको वाटली तर उरलेली ओतून दे, कोणी वाईट वाटून घेत नाही, त्यासाठी टेबलावर एक भांडं ठेवलेलं असतं. नसलं तर मागून घे. जेवून जा, फक्त तिखट टाळ. मध्येमध्ये पाणी पी. औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घोटही नको. परतताना गाडी चालवायची असेल तर त्या दिवशी फक्त हुंग. ओळखपत्र म्हणून पासपोर्ट किंवा लायसन्स जवळ ठेव, इथे विचारतातच. आणि कोणी "अगं, एवढीशी काय घेतेस" म्हणून ग्लास भरायला लागला तर ग्लासावर हात ठेव. चाखणाऱ्याचा ग्लास छोटाच असतो, हे तिथल्या जाणकारांना ठाऊक असतं. ज्याला ठाऊक नाही त्याचं ऐकायचं कारण नाही.

घरी आई-बाबांना काय सांगायचं, हा तुझा पुढचा प्रश्न असणार. ते तू ठरव. पण लपवावं लागेल असं काही करू नकोस, आणि मिरवण्यासारखंही यात काही नाही. एका पिकाचा वास ओळखायला शिकलीस, एवढीच ही गोष्ट आहे. चहाच्या बागा, वाइन, मध, तूप, सगळीकडे हीच नजर लागते, आणि एकदा लागली की सुटत नाही.

तेव्हा त्या दिवशी असं कर. सेलिब्रेशनची ताजी बाटली तूच घेऊन जा, म्हणजे निदान एका बिअरबद्दल तुला सगळ्यांपेक्षा जास्त माहिती असेल. वही-पेन पिशवीत टाक. बाकीचे बोलायला लागायच्या आत पाच ओळी लिहून काढ, आणि तुझी पाळी आली की त्या वाचून दाखव, तुझ्याच शब्दांत. पपनस म्हणायचं असेल तर पपनसच म्हण, कोणी विचारलं तर समजावून सांग. आवडली की नाही ते शेवटी सांग, आणि का ते नक्की सांग. कारणासकट दिलेलं मत कोणी खोडून काढू शकत नाही, आणि मनाविरुद्ध हलवलेली मान कोणाच्याच उपयोगाची नसते.